पातेलं घातलेलं बदक

टीव्हीत ते पिवळं बदक दिसतंय ना पाव्हनं, डोक्यावर पातेलं घातलेलं — ते मी. हसा की, त्यात काय, मीबी पयल्या दिवशी हसलोच हुतो. बंद करा म्हनू नका तेवढं, मला टीव्ही चालू करता येतो, बंद करता येत न्हाई. आन नातीला, प्रणिताला हाक मारावी तर ती आत साडी नेसतीय, अर्ध्या निऱ्या हातात धरून पळत येईल आन तिची आई माझ्यावर डोळे वटारील. ऱ्हाऊ द्या चालू. तुमी मागं टेकून बसा, ती उशी घ्या पाठीला. वाल्मिक फाट्यावर गेलाय, तुमच्या मंडळींची जीप येनार ना मागून, तिला गल्ली दावायला. तुमी मोटारसायकलवर, म्हनून आदी पोचले. मुलाचा मामा आदी आला, चांगलंच झालं म्हना. जाता-जाता पोरगा मला काय सांगून गेला — आबा, पाव्हन्यांसंगं पाऊस बोला, कारखाना बोला, दुसरं कायी बोलू नका. बरं म्हनलं. आता पाऊस बोलून झाला. कारखान्यानं उसाला काय भाव दिला तेबी बोलून झालं. जीप तर आली न्हाई. मंग मानसानं करायचं काय? म्हनून बदक.

त्याचं असं हाय, ह्या खेळाला चौघं लागत्यात. दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या. आमच्या बाजूला मी आन आमची प्रणिता — ती म्हंजे ते शिंगाचं मांजर. मांजराला शिंग कशाला, असं मीबी इचारलं, तर म्हनली आबा, मला आवडलं. झालं. पलीकडनं तिची कालेजातली मैत्रीन, मेहरीन, नगरला असती, आन तिचे आजोबा, नियाजभाई. एसटीत ड्रायवर हुते. मी त्यांना ह्या डोळ्यानं एकदाबी बघितलं न्हाई बघा. ते नगरला त्यांच्या घरात, मी हितं तिसगावात माझ्या घरात, आन संध्याकाळी दोघं एका चिखलात. त्यो कानाला लावायचा हेडफोन असतो ना, त्यात त्यांचा आवाज येतो — शेजारी बसल्यासारखा, खोकल्यासकट. मला म्हनत्यात, गहिनीनाथ, जेवलास का? मी म्हनतो जेवलो. म्हनत्यात, मंग ये, तुला पान्यात ढकलायचंय. आन ढकलत्यात की खरंच. बारके-बारके खेळ लई हायेत त्यात. कुठं एकमेकाला ढकलायचं, कुठं अंडी गोळा करायची, कुठं फिरत्या चाकावरनं पळायचं. पळायच्या खेळात मी कायम खड्ड्यात. तरन्या बदकाचेबी पाय माझ्यासारखेच दुखत असत्यात का काय, कुनास ठावं. पन एक खेळ आला की प्रणिता कोपर मारती — आबा, आता तुमचा.

तिरकमठ्याचा. थांबा, त्योच लावतो, त्यो एकट्यालाबी खेळता येतो, मला एवढं येतं. हे बघा — जत्रंत फुगे फोडायचं दुकान असतं का न्हाई, तशातलं हाय. लाल-पांढऱ्या गोल फळ्या येत्यात, हिकडनं तिकडं सरकत जात्यात. हे बटन दाबून धरलं की दोरी तानती, सोडलं की बान सुटतो. फळी लांब असली की थोडं वर धरायचं, कारन बान जाता-जाता खाली उतरतो. खऱ्यावानीच केलंय हो, ज्यानं केलंय त्यानं. आन मधीच एखाद्या फळीवर काळं पाखरू येऊन बसतं. ती फळी दुप्पट मोलाची. पाखरू बसलंय तवर बान फळीत घुसला पायजे, ते उडालं की फळीबी गेली. एवढाच खेळ. लेकरालाबी कळंल.

तर पयल्या दिवशी काय झालं — पाखरू बसलं. मी दोरी तानली, सोडली, बान गेला फळीच्या शेजारनं, हातभर लांबनं, आन पाखरू भुर्र. मी म्हनलो, गेलं बघ. चांगला मांडीवर हात मारून म्हनलो. प्रणिता माझ्या तोंडाकडं बघती, म्हनली आबा, बान लागला कुठं? म्हनलं, लागायचा कशाला, उडालं ना? परत पाखरू, परत तसंच. त्या दिवशी एक पाखरू टिकू दिलं न्हाई मी त्या फळ्यांवर. गुनाच्या जागी भोपळा, आन मी आपला खुशीत. नियाजभाई कानात म्हनले, गहिनीनाथ, तुझी गाडी एका बाजूला ओढतीय, गॅरेजला दावून घे.

आता तुमी शेवगावकडले, तुमाला सांगायला नको. गोफन बघितलेली हाय ना? — नुसती बघितली न्हाई, फिरवलीय? बोधेगावच्या शिवारात? मंग झालंच की. मंग तुमाला ठावं असनार, बाजरीच्या राखनीला माळ्यावर उभं ऱ्हायलं की पाखराला धोंडा मारायचा नसतो. पाखराच्या शेजारी मारायचा. सुटताना दोरीचा फट्ट आवाज झाला पायजे, धोंडा त्याच्या पंखाशेजारनं वारा घालत गेला पायजे, आन त्याला वाटलं पायजे की आपन आपल्या मनानं उडालो. पाखरावर नेम धरला तर पाखरू वाचतंच, मोडत्यात ती कनसं. आन कनसं कुनाची? आपलीच. माझा बा मला माळ्यावर चढवताना एवढंच म्हनायचा — बाजूला मार. तेवढी एकच शाळा झाली माझी. सगळी हयात हुकायला शिकलेला मानूस मी, आन पोरगी म्हनती मधोमध मारा. हात ऐकंल व्हय? डोळे म्हनत्यात मधोमध, हात म्हनतो शेजारी. अजून तसंच हाय, बारा फळ्या मधोमध मारीन, पन पाखरू बसलं की हात चालला बाजूला.

चहा घ्या, निवंल. साखर जास्त पडलीय का? शोभानं केलाय, सूनबाईनं. प्रणितानं केला असता तर — न्हाई, तिलाबी येतो. चहा येतो, भाकरी येती, समदं येतं, न्हाई कोन म्हनतं. फकस्त भाकरी थापताना कानात ते यंत्र असतंय आन तिकडनं मेहरीन म्हनती पळ, पळ, मंग भाकरीला एखादा कोपरा येतो. भाकरी कोपऱ्याची असली तरी पोटात गोलच जाती. मी खातो की. मला सवय झाली.

हे वेड घरात आनलं कुनी इचारताय? तिनंच. आमची मालकीन, छबूबाई, गेली त्याच्यानंतर. माळ्यावर मी गोफन फिरवायचो आन ती खालनं डबडं वाजवायची, इतकं मोठ्यानं की पाखरं माझ्या धोंड्याच्या आदी तिच्या डबड्याला भ्यायची. ती गेली आन घर असं गप झालं… मी आपला भिंतीकडं तोंड करून पडायचो. वाल्मिक डाक्टर आनायचा, शोभा ताट आनायची. प्रणिता एक दिवस आली आन माझ्या हातात हे रिमोट दिलं. कायी समजावलं न्हाई, ज्ञान सांगितलं न्हाई. म्हनली आबा, चौथं मानूस कमी पडतंय, बसा. मला काय वाटलं, लेकराचं काम अडलंय. बसलो. लई दिवसांनी कळलं, कमी-बिमी कोनी पडत नव्हतं, मेहरीनच्या भावाला उठवून माझी जागा केली हुती. असली हाय ती. तोंडानं बोलत न्हाई, बाजूनं मारती. माझ्यावर गेलीय.

आन एकदा आमी जिंकलो, ते सांगायचं ऱ्हायलंच. ह्या खेळाची गंमत अशी, शेवटी त्यो आपल्या मनाला येईल त्याचं बक्षीस वाटतो. कुनी जास्त उड्या मारल्या, कुनी जास्त वेळा पान्यात पडलं, काय बी. त्या दिवशी नियाजभाई पुढं हुते, चांगले पुढं, कानात गानं म्हनाय लागले हुते. आन शेवटी डबा उघडला तर आतनं निघालं — सगळ्यात जास्त हुकनाऱ्याला सोन्याची चांदनी. बदकाच्या पातेल्यावर येऊन बसली की ती. आमी जिंकलो. नियाजभाई म्हनले, गहिनीनाथ, तीस वर्षं गाडी सरळ चालवली मी, मला कुनी चांदनी दिली न्हाई, आन तू रस्ता सोडून चालवतो तर तुला बक्षीस. प्रणिता इतकी हसली, इतकी हसली, आतनं शोभा लाटनं घेऊन आली काय झालं बघायला.

आता पुन्याला गेल्यावर तिकडनं खेळनारच म्हनती, वायफाय तिकडंबी असतंय. पन शेजारी बसून कोपर मारायचं ते वायफायातनं कसं —

पुन्याला? पुन्याला म्हंजे कामाला. कंपनीनं घेतलंय तिला. आमच्या जावयानं, वैजनाथनं सांगितलं न्हाई तुमाला? बघा. म्हंजे मी जास्तीचं बोललो. वाल्मिक उगाच सांगून गेला न्हाई, पाऊस बोला म्हनून. आता निघालंच हाय तर — असले खेळ करायची कंपनी हाय ती. खेळ बाजारात यायच्या आदी हिनं खेळून बघायचा आन त्यातल्या चुका काढायच्या. मी इचारलं, ह्याला पगार देत्यात? म्हनली देत्यात. म्हनलं, तुझी आजी जलमभर माझ्या चुका काढत ऱ्हायली, तिला कुनी पगार दिला न्हाई. हितं आपल्याच खेळात तिनं काढलीय की चूक. पाखरू उडतं तवा त्याची सावली फळीवरच बसून ऱ्हाती. बघा, बघा आता — उडालं, आन सावली? बसलीय का न्हाई? मी वरीसभर बघतोय, मला दिसली नव्हती. तिला पयल्याच आठवड्यात दिसली. कंपनीच्या सायबानं इचारलं, तुला काय येतं, तर हिनं सावलीचं सांगितलं. तिथंच घेतलं म्हनं.

दुकानाचं म्हनताय. व्हय, वैजनाथ बोलले हुते, तुमच्या भाच्याचं खत-औषधांचं दुकान हाय शेवगावला, गल्ल्यावर बसायला घरचं मानूस पायजे. रास्त हाय. दुकान घरच्याच मानसानं बघितलं पायजे. बसवलं तर बसंल की ती, उलटून बोलायची न्हाई. फकस्त गिऱ्हाईक येऊन औषध मागंल आन ही बाटली फिरवून-फिरवून बघंल आन म्हनंल, काका, हे तुमच्या पिकाला न्हाई चालायचं, नका घेऊ. एवढंच. चूक दिसली की तिला गप बसवत न्हाई. ही खोड न्हाई, ह्यो तिचा गुन हाय, गुन म्हनूनच सांगतोय मी. पोरीला नावं ठेवायला बसलो न्हाई. तसं वाटलं का तुमाला? नको. तशी पोरगी तुमाला नगर जिल्ह्यात घावायची न्हाई. आन पोरगंबी चांगलं हाय ऐकलं, निर्व्यसनी, कष्टाळू, त्याच्यातबी खोट न्हाई. दोन्ही चांगलं हाय. तेच तर अवघड. एखाद्यात खोट असली की बोलायला तोंड असतं मानसाला.

ती काय म्हनती? ती काय म्हननार. परवापास्नं रिमोटला हात लावला न्हाई तिनं. मेहरीनचा आवाज आला तर म्हनली, आज नको. बापानं शब्द दिलाय, या म्हनून. आन वैजनाथ कोन, तर आमचा जावई, माझ्या एकुलत्या लेकीचा मालक. जावयानं आनलेलं स्थळ. आता आमच्याकडनं न्हाई म्हनायचं म्हंजे लेकीच्या घरात तोंडं वाकडी व्हायची, तिला उठता-बसता ऐकायला लागायचं. म्हंजे कनसं आपलीच — आता हेबी बोललो का मी? म्हातारं झालं की तोंडाची दोरी ढिली व्हती बघा. इसरून जा. पाऊस बरा झाला औंदा, न्हाई?

माझं कसं व्हनार इचारताय, ते बरूबर हाय. गेली तर मला करमायचं न्हाई, खोटं कशाला बोलू. शेवगावात दिली असती तर घटकाभरात एसटीनं जाऊन तोंड बघून आलो असतो. पुनं लांब हाय. माझा फायदा बघितला तर मी आता तुमाला लाडू चारायला पायजेत. पन मी भिंतीकडं तोंड करून पडलो हुतो तवा तिनं मला उठवून बसवलंय. आन आता तिची उठायची येळ आली, तर मी तिचा पदर धरून बसू का?

जाऊ द्या. मी लई बोलतो, नियाजभाईबी म्हनत्यात, बदकाला टाळं लावा.

काय? रिमोट? खेळून बघताय? घ्या की, घ्या, इचारायचं काय त्यात. असं धरा. आंगठा हितं. ह्यानं तिरकमठा फिरतो, ह्यानं दोरी. दाबून धरा — तानू द्या, घाई न्हाई, कोन मागं लागलंय आपल्या — सोडा आता. आगं बाबो. मधोमध? पयलाच बान? परत मारा बरं. परत मधोमध. पाव्हनं, हात हाय तुमाला, नियाजभाईला घाम फुटंल तुमच्यापुढं. ते बघा, पाखरू बसलं. दुप्पट मोलाचं हाय, मारा. तुमचा हात बसलाय आता, सोडा —

हुकला. हातभर लांबनं. उडालं. व्हतं असं, पयल्या-पयल्या वक्ताला व्हतं. दुसरं येतंय बघा, ह्या फळीवर. जवळ हाय, सोपं हाय. दाबा. सोडा.

हेबी उडालं.

साध्या फळीत तर मधोमध बसतोय तुमचा बान.

…

फोन वाजतोय तुमचा. घ्या, घ्या. जीपवाल्यांचाच असनार. कुठं हायेत? अमरापूरला चहाला थांबलेत? चांगलं हाय, वाल्मिक ताटकळला असंल तिकडं, मी त्याला कळवतो, येत्यात म्हनून — काय? परत फिरा? तुमी त्यांना परत फिरा म्हनताय? भटजींचा फोन? आत्ता कवा आला, मी तर हितंच — पत्रिकेत एकनाड निघाली? मुलाची आन मुलीची? आरं देवा. एकनाड म्हंजे मंग काय, त्याला इलाजच न्हाई. वैजनाथला तुमीच सांगताय? व्हय, तुमी सांगितलेलं बरं, मुलाकडनंच गेलेलं बरं. पन पाव्हनं, ही पत्रिका तुमाला दिली कुनी? आमी तर अजून पोरीची पत्रिका कुनाला —

हां.

हां, हां. दिली असंल. दिली असंल कुनीतरी.

बसा की जरा, पोहे खाऊन जा, शोभानं लिंबू-बिंबू पिळून ठिवलंय — बरं. न्हाई थांबत तर नका थांबू. माझ्या पाया कशाला पडताय, उठा, उठा. तुमचा भाचा चांगला हाय, त्याला त्या गल्ल्यावर हौसेनं बसनारी मिळंल, माझा आशीर्वाद हाय म्हनून सांगा. आन हे बघा, ही पोरगी गेली की आमच्या बाजूला बदकाशेजारी जागा मोकळीच ऱ्हानार हाय कवा-कवा. शेवगावलाबी वायफाय असंलच. तुमाला कोंबडा देऊ, छत्री घेतलेला हाय एक, झकास हाय. इचार करा. घाई न्हाई.

आता निघा बरं. वाल्मिक यायच्या आत निघा, त्याला माझ्या तोंडाकडं बघितलं की समदं कळतं. गल्लीतनं डावीकडं वळा, उजवीकडं गटार खांदलंय. आन कुनी इचारलं, म्हाताऱ्यासंगं एवढा येळ काय बोलत बसला हुता, तर पाऊस बोललो, कारखाना बोललो. दुसरं कायी न्हाई.